डोब्रोवर जुन्या कंट्री धुना वाजवताना पट्टी कोणती धरावी?

पांढरी पाच (धागाकर्ता)

मांडीवर आडवी ठेवून पोलादी कांडीने वाजवायची चौकोनी गळ्याची रेझोनेटर गिटार (आत आवाज वाढवणारा धातूचा शंकू असलेली), जिला सगळे डोब्रो म्हणतात, मी गेली चार वर्षे वाजवतो आहे. त्याआधी घरात काकांची हवाईयन गिटार होती आणि तिच्यावर मी भावगीते वाजवत असे. त्यामुळे कांडी, मींड आणि कण या गोष्टी माझ्या हाताला परक्या नव्हत्या. अमेरिकेच्या दक्षिणेकडील जुन्या कंट्री धुना शिकू लागल्यावर मात्र मी पट्टीपाशी अडलो. आज त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो आणि जाणकारांनी त्यात भर घालावी किंवा चूक दाखवावी, अशी विनंती करतो.

आपल्यापैकी ज्यांनी हे वाद्य हाताळलेले नाही त्यांच्यासाठी आधी जुळणी सांगतो. कंट्री आणि तिची वेगवान शाखा ब्लूग्रास वाजवणारे बहुतेक जण डोब्रोच्या सहा तारा जाडीकडून बारीककडे जी, बी, डी, जी, बी, डी अशा मिळवतात. पांढरी पाच, म्हणजे जी, हा सा धरला, तर सा, ग, प, सा, ग, प असा सरळ मेळ (कॉर्ड) तयार होतो. कांडी कोणत्याही पडद्याच्या रेषेवर आडवी ठेवली की तोच मेळ वर सरकतो. पाचव्या पडद्यावर सी, सातव्यावर डी आणि बाराव्यावर पुन्हा जी मिळतो. या वाद्यावर पडदे केवळ खुणेपुरते असतात, कारण तारा इतक्या उंच उचललेल्या असतात की त्या पडद्याला टेकतच नाहीत.

ही जुळणी इतकी सोयीची आहे की पहिली दोन वर्षे मी प्रत्येक धून ओढूनताणून जीमध्ये आणत होतो. आमच्या लहानशा गटात एक व्हायोलिनवादक आहे. ‘सोल्जर्स जॉय’ ही धून मी जीमध्ये सुरू केली तेव्हा त्याने शांतपणे धनुकली खाली ठेवली आणि सांगितले की ही धून डीची आहे, डीमध्ये त्याच्या डी आणि ए या मोकळ्या तारा धुनेखाली घुमत राहतात आणि जीमध्ये नेल्यावर तो घुमारा नाहीसा होतो. त्या दिवशी मला प्रथमच जाणवले की या संगीतात पट्टी म्हणजे नुसती उंची नाही. धुनेचा सा कोणत्या वाद्याच्या कोणत्या मोकळ्या तारेवर बसतो, यावर त्या धुनेचा पोत ठरतो.

तेव्हापासून मी एक पद्धत पाळतो. धून कोणत्याही पट्टीतली असो, आधी माझ्या तीन मोकळ्या तारा, म्हणजे जी, बी आणि डी, त्या पट्टीत कोणते स्वर होतात ते मी लिहून काढतो. जीमध्ये त्या सा, ग, प आहेत. डीमध्ये त्याच तारा म, ध, सा होतात. सीमध्ये त्या प, नी, रे होतात, म्हणजे तिन्ही स्वर शुद्ध आणि उपयोगी असले तरी मोकळा सा हाताशी राहत नाही. एमध्ये कोमल नी, रे आणि म मिळतात, तर ईमध्ये कोमल ग, प आणि कोमल नी. एफमध्ये रे, तीव्र म आणि ध येतात, आणि तो तीव्र मध्यम साध्या कंट्री सुरावटीत इतका खटकतो की बीची तार चुकून वाजली तरी कान टवकारतो. बी फ्लॅटमध्ये, म्हणजे आपल्या काळी पाचमध्ये, तीच तार कोमल रे होते. हे सगळे कागदावर आल्यानंतर कोणती पट्टी मोकळी वाजवायची आणि कोणत्या पट्टीला कॅपो (सगळ्या तारा एका पडद्यापाशी धरून मोकळे सूर वर नेणारी पकड) लावायचा, हे मला बरेचसे आपोआप दिसू लागले.

माझा अनुभव असा की डी ही या वाद्याची दुसरी मातृभाषा आहे आणि नवीन वादक तिच्याकडे दुर्लक्ष करतात. पहिली आणि चौथी तार मोकळी सोडली की सा मिळतो. पहिल्या तारेवर चौथ्या पडद्यावरून दुसऱ्यावर आणि तिथून मोकळ्या तारेवर उतरलो की ग, रे, सा असा उतार न अडखळता ओघळतो. दुसऱ्या तारेवर तिसरा पडदा घेतला की पुन्हा तोच डी मिळतो आणि शेजारची मोकळी पहिली तार त्याच्याशी जुळून दोन सूर एकत्र गुंजतात. सातव्या पडद्यावर कॅपो लावून डी वाजवणारे मी पाहिले आहेत. त्यांना मिळणारा सूर मला नेहमीच आखडलेला वाटला आहे.

माझा प्रश्न असा आहे. पट्टी आणि कॅपो यांचा निर्णय तुम्ही कसा घेता, आणि एच्या धुनांसाठी दुसऱ्या पडद्यावर कॅपो लावणे खरोखरच अटळ आहे का?

पेटीवाली

धागा अतिशय आवडला. मी डोब्रो वाजवत नाही. गेली अनेक वर्षे भजनाला आणि नाट्यपदांना पेटीची साथ करते, आणि अमेरिकेत राहणाऱ्या मुलीमुळे हे संगीत ऐकू लागले आहे. साथ करणाऱ्याच्या बाजूने एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. तुमची पद्धत वाद्यापासून सुरू होते, पण गाणे असेल तर गळा आधी येतो. आमच्याकडे गाणारी व्यक्ती बसली की पहिला प्रश्न पट्टीचाच असतो, आणि काळी चार म्हटले की काळी चार. त्यावर पेटीवाल्याने आपल्या बोटांची सोय सांगायची नसते. जुन्या कंट्री गीतांनाही हाच न्याय लागू व्हायला हवा. पुरुष गायक जे गीत जीमध्ये गातो, तेच बाईच्या गळ्याला बहुधा सी किंवा डीमध्ये बसते. तेव्हा गीत आणि धून यांचा विचार तुम्ही वेगवेगळा करावा, असे मला वाटते. धुनेत गळा नसतो, म्हणून तिथे व्हायोलिनच्या तारांना मान द्यावा. गीतात तो मान गाणाऱ्याचा आहे.

डोंगरपायथा

मी उत्तर कॅरोलिनाच्या डोंगराळ भागात राहतो आणि दर आठवड्याला एका बैठकीत डोब्रो घेऊन बसतो. पेटीवाली यांचे म्हणणे इथल्या व्यवहाराशी पूर्णपणे जुळते. गीत असेल तर जो गाणार तो पट्टी जाहीर करतो आणि बाकीचे मुकाट्याने कॅपो सरकवतात. धून असेल तर पट्टी कोणी विचारतही नाही, कारण ती ठरलेली असते. ‘सोल्जर्स जॉय’ आणि ‘अर्कान्सॉ ट्रॅव्हलर’ डीमध्ये, ‘ओल्ड जो क्लार्क’ आणि ‘रेड हेअर्ड बॉय’ एमध्ये, ‘ब्लॅकबेरी ब्लॉसम’ जीमध्ये. फिडलच्या, म्हणजे व्हायोलिनच्या, तारा जी, डी, ए आणि ई अशा पाचव्या-पाचव्या स्वरावर मिळवलेल्या असतात, आणि शेकडो धुना त्याच तारांवर घडल्या, म्हणून त्या जी, डी आणि ए या तीन पट्ट्यांभोवती गोळा झाल्या.

जुन्या वळणाच्या बैठकांमध्ये आणखी एक रीत आहे, जी नव्या माणसाला ठाऊक नसते. तिथे एकदा ए पट्टी धरली की तासभरसुद्धा एच्याच धुना चालतात, कारण बॅन्जोवाल्यांना पट्टी बदलली की तारा नव्याने मिळवाव्या लागतात. अशा बैठकीत मध्येच जीची धून सुचवणे असभ्य समजले जाते. ब्लूग्रासच्या बैठकीत कॅपोचा वापर सर्रास असल्यामुळे गाण्यागणिक पट्टी बदलते. आपण कोणत्या बैठकीला चाललो आहोत, हे आधी जाणून घेतले तर तयारीही त्याप्रमाणे करता येते.

ब्लूग्रासमध्ये बी आणि बी फ्लॅट या पट्ट्या वारंवार येतात. ब्लूग्रासचे जनक बिल मन्रो यांचा आवाज उंच होता आणि ते या पट्ट्यांत गात. त्यांच्या मागून येणाऱ्या टिपेच्या गायकांनी तोच पायंडा पुढे नेला. डोब्रोवर बीसाठी चौथ्या पडद्यावर आणि बी फ्लॅटसाठी तिसऱ्या पडद्यावर कॅपो लावून जीची बोटे (मोकळ्या जीतल्याच जागा, कॅपोपासून मोजून) वाजवणे हाच राजमार्ग आहे. तुमच्या पद्धतीने पाहिले तरी तेच उत्तर येते. बीमध्ये मोकळ्या तारा कोमल ध, सा आणि कोमल ग होतात, आणि आनंदी शुद्ध ग असलेल्या गीतात त्यातल्या दोन तारा निरुपयोगी ठरतात.

ए विषयी मात्र माझे मत ठाम आहे. वेगवान धून असेल तर कॅपो लावावाच.

शंकू

कॅपोच्या बाबतीत थोडे तांत्रिक लिहितो, कारण साध्या गिटारवरून आलेल्या वादकांचा इथे गैरसमज होतो.

साध्या गिटारचा कॅपो तारांना पडद्यावर दाबतो. चौकोनी गळ्याच्या डोब्रोवर दाबायला पडदाच हाताशी नसतो, म्हणून तिचा कॅपो तारांना वरून आणि खालून चिमट्यासारखा पकडतो आणि अधांतरी राहतो. त्यामुळे तो पडद्याच्या रेषेच्या नेमका वर बसला नाही तर सगळे वाद्य बेसूर होते, आणि बसवल्यानंतर सूर तपासावेच लागतात.

आता लांबीचा हिशेब पाहू. डोब्रोच्या तारेची लांबी सुमारे २५ इंच, म्हणजे साधारण ६३.५ सेंटिमीटर असते. चौथ्या पडद्यावर कॅपो लावला की सुमारे ५०.४ सेंटिमीटर तार उरते आणि सातव्यावर लावला की सुमारे ४२.४. पहिल्या पडद्याची रुंदी साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास असते, बाराव्याची एक पूर्णांक नऊ आणि सोळाव्याची दीड. चौथ्या पडद्यावर कॅपो असताना वरचा सा सोळाव्या पडद्यावर येतो. म्हणजे ज्या सुराला मोकळ्या वाद्यावर बाराव्या पडद्यापाशी जागा होती, त्याला आता दीड सेंटिमीटरच्या घरात नेमके गाठायचे असते. कांडी केसभर हलली तरी कानाला कळते. शिवाय तार आखूड झाली की मींडेचा पल्लाही आखडतो आणि जाड तारांचा खर्ज पातळ होतो. धागाकर्त्यांना सातव्या पडद्यावरच्या कॅपोचा सूर आखडलेला वाटतो, त्याचे कारण हेच आहे.

यावरून मी माझ्यापुरता एक नियम केला आहे: कॅपो पाचव्या पडद्यापलीकडे न्यायचा नाही. तिथवर जी आणि डी या दोन मोकळ्या पट्ट्यांच्या बोटांवर जवळजवळ सगळे काही भागते. दुसऱ्या पडद्यावर कॅपो लावून जीची बोटे वाजवली की ए मिळतो आणि डीची बोटे वाजवली की ई. तिसऱ्या पडद्यावर तसेच बी फ्लॅट आणि एफ मिळतात. पाचव्यावर जीच्या बोटांनी सी मिळतो. एफमध्ये गाणाऱ्या व्यक्तीला साथ करायची असेल, तर तीव्र मध्यमाशी झगडत बसण्यापेक्षा तिसऱ्या पडद्यावर कॅपो लावून डीची बोटे वाजवणे कितीतरी सुखाचे आहे.

पांढरी पाच (धागाकर्ता)

शंकू, एफसाठी डीची बोटे हा मार्ग मला सुचलाच नव्हता. आज संध्याकाळी वाजवून पाहिला आणि पहिल्या तारेवरचा तोच ग, रे, सा उतार एफमध्ये मिळाल्यावर फार आनंद झाला. पेटीवाली, गीत आणि धून यांत तुम्ही केलेला भेद मी मान्य करतो. माझी पद्धत पट्टी ठरल्यानंतर वापरायची आहे, पट्टी ठरवण्यासाठी नाही, हे मी मूळ लेखात स्पष्ट करायला हवे होते.

डोंगरपायथा यांच्या एविषयीच्या मताशी मात्र मी पूर्ण सहमत होऊ शकत नाही. ‘ओल्ड जो क्लार्क’चेच उदाहरण घेऊ. ही धून आपल्या खमाज थाटासारखी आहे: बाकी सगळे शुद्ध आणि नी कोमल. तिची साथही ए आणि ई यांच्या जोडीने जी या मेळावर उतरते. कॅपो न लावता वाजवले तर ए दुसऱ्या पडद्यावर सापडतो आणि जी म्हणजे तर साऱ्या मोकळ्या तारा. कांडी उचलली की कोमल निषादाचा संपूर्ण मेळ घुमतो आणि दुसऱ्या पडद्यावर ठेवली की घरी परत. एवढेच नव्हे, तर मोकळ्या तारेवरून दुसऱ्या पडद्यावर जाताना तिसऱ्या तारेवर कोमल नीवरून सा, दुसरीवर रेवरून ग आणि पहिलीवर मवरून प अशा तीन जोड्या मिळतात, आणि धुनेला लागणारे कण नेमके हेच आहेत. दुसऱ्या पडद्यावर कॅपो लावला की हा कोमल नीचा मेळ मोकळ्या तारांच्या खाली जातो, तो मिळवण्यासाठी कांडी कॅपोपासून दहा पडदे वर न्यावी लागते आणि धुनेचा घरगुतीपणा हरवतो.

डोंगरपायथा

तुमचे गणित बरोबर आहे आणि मंद लयीत मी स्वतः हा प्रयोग करून पाहिला आहे. अडचण लयीत आहे. कॅपो नसताना एमध्ये तुमच्याकडे एकही मोकळा सा किंवा प नाही. उजव्या हाताच्या तीन बोटांनी तारा गुंफत जाणारी बॅन्जोसारखी वादनपद्धत वेगात वापरायची, तर मोकळे सा आणि प हाताखाली सतत लागतात, कारण दर दोन-तीन आघातांनंतर एक मोकळी तार वाजते आणि तेवढ्या क्षणात कांडी पुढच्या जागी सरकते. तुमच्याकडे त्या मोकळ्या तारा कोमल नी, रे आणि म आहेत. साथीत मेळ ए असताना त्या मध्येच वाजत राहिल्या तर सूर गढूळ होतो, आणि त्या डाव्या हाताच्या बोटांनी दाबत बसले तर वेग जातो.

ही पद्धत डोब्रोवर आली तीही मुळात बॅन्जोवरून. डोब्रोवादक जॉश ग्रेव्ह्ज यांनी तीन बोटांची गुंफण बॅन्जोवादक अर्ल स्क्रग्ज यांच्याकडून घेतली आणि १९५५ साली ते लेस्टर फ्लॅट आणि स्क्रग्ज यांच्या वाद्यवृंदात डोब्रो घेऊन दाखल झाले. त्यांना ते सहज साधले, याचे एक कारण जुळणीत आहे. बॅन्जोच्या चार लांब तारा डी, जी, बी, डी अशा असतात आणि डोब्रोच्या बारीक बाजूच्या चार तारा नेमक्या त्याच आहेत. बॅन्जोवाला एसाठी दुसऱ्या पडद्यावर कॅपो लावतो, म्हणून डोब्रोवालाही लावतो. त्यामागे आळस नाही, तर्क आहे.

त्याआधीच्या पिढीचे वादन ऐकले तर तुमच्या बाजूचा पुरावा मिळेल, हेही मी प्रामाणिकपणे सांगतो. कंट्री गायक रॉय अकफ यांच्या १९३६ सालच्या ‘द ग्रेट स्पेकल्ड बर्ड’ या ध्वनिमुद्रणात क्लेल समी यांनी वाजवलेला डोब्रो, किंवा अकफ यांच्याच वृंदात १९३९ साली आलेले बॅशफुल ब्रदर ऑस्वल्ड यांचे वादन, हे हवाईयन वळणाचे आहे. त्यात सबंध मेळ कांडीखाली धरून सरकवणे आणि लांब मींड घेणे यांवर भर आहे. त्या वळणाला मोकळ्या तारांची इतकी निकड नसते.

पांढरी पाच (धागाकर्ता)

हे वाचल्यावर मी काल रात्री ‘ओल्ड जो क्लार्क’ दोन्ही प्रकारे ध्वनिमुद्रित करून ऐकले. वेगात कॅपो लावलेले वादन अधिक स्वच्छ आहे, हे मला मान्य करावे लागते. मात्र लय निम्म्यावर आणून गाण्याच्या मागे वाजवताना मी कॅपो काढूनच वाजवणार, कारण काकांच्या हवाईयन गिटारवर शिकलेली सगळी मींड मला तिथेच वापरता येते.

नवशिका

एक शंका विचारतो. मी गोल गळ्याच्या रेझोनेटर गिटारवर काचेची नळी बोटात घालून वाजवतो आणि माझी जुळणी डी, ए, डी, एफ शार्प, ए, डी अशी आहे. डीच्या धुनांसाठी डोब्रोवाले हीच जुळणी का वापरत नाहीत? मग मोकळ्या जुळणीत सा, प, सा, ग, प, सा मिळेल आणि कॅपोचा प्रश्नच उरणार नाही.

शंकू

एकट्याने वाजवायचे असेल तर जरूर वापरा. ती जुळणी अतिशय गोड आहे आणि तिचा खर्ज खोल आहे. डोब्रोवरही ती वापरणारे आहेत. बैठकीत मात्र दोन अडचणी येतात. पहिली म्हणजे जीकडून डीकडे जाताना सहापैकी चार तारांचे सूर बदलतात, आणि त्यातल्या जाड दोन तारा बरेच सूर उतरल्याने ढिल्या पडतात. त्या स्थिरावेपर्यंत बाकीचे लोक दोन धुना वाजवून मोकळे होतात. दुसरी अडचण अशी की जुळणी बदलली की हाताने पाठ केलेला नकाशा बदलतो. जीच्या जुळणीत लगतच्या दोन तारांवर एकच सूर दोनदा मिळतो, उदाहरणार्थ तिसऱ्या तारेवर चौथा पडदा आणि मोकळी दुसरी तार, किंवा दुसऱ्या तारेवर तिसरा पडदा आणि मोकळी पहिली तार. तिसऱ्या पडद्यावरच्या कोमल स्वरावरून चौथ्यावर सरकून लगेच शेजारची मोकळी तार छेडणे हा कंट्री डोब्रोचा प्राण आहे, आणि तो अंतरांच्या याच रचनेतून येतो.

पेटीवाली

एक विचारायचे राहिले. उदास वळणाच्या गीतांचे काय करता? माझी मुलगी ‘वेफेअरिंग स्ट्रेंजर’ हे जुने भक्तिगीत गाते आणि मला त्यात धानी रागाची छाया दिसते.

पांढरी पाच (धागाकर्ता)

तुम्ही माझ्या सर्वांत आवडत्या पट्टीकडे आणलेत. ते गीत ई मायनरमध्ये गाणाऱ्याच्या गळ्याला बसत असेल तर कॅपो पूर्ण विसरावा. ईमध्ये माझ्या मोकळ्या तारा कोमल ग, प आणि कोमल नी आहेत आणि धानीला याच स्वरांची गरज आहे. चौथ्या तारेवर दुसऱ्या पडद्यावर खालचा सा आणि पहिल्या तारेवर दुसऱ्याच पडद्यावर वरचा सा मिळतो. कांडीचे टोक फक्त एकाच तारेला लावून, बाकीच्या तारा मोकळ्या गुंजत ठेवून वाजवले, तर तानपुऱ्यावर गायल्यासारखे वाटते. मुलीचा गळा थोडा वरच्या पट्टीत असेल तर तिसऱ्या पडद्यावर कॅपो लावला की हेच सगळे जी मायनरमध्ये मिळते आणि पाचव्यावर लावला की ए मायनरमध्ये. तिची पट्टी कळवलीत तर या आठवड्यात ते गीत त्या पट्टीत वाजवून इथे ध्वनिमुद्रण ठेवतो.

पेटीवाली

ती पांढरी पाचमध्ये गाते. म्हणजे कॅपो तिसऱ्या पडद्यावर. ध्वनिमुद्रणाची वाट पाहते.